घराचा बाहेरचा रंग निवडताना तिसरा पावसाळा डोळ्यांसमोर ठेवा

देवरुखजवळच्या आमच्या घराला आठ वर्षांपूर्वी फिकट जांभळा रंग दिला. दुकानात ट्यूबलाइटखाली शेडकार्ड उलगडून बसलो होतो. सासूबाईंना तो चौकोन आवडला, मलाही आवडला, दुकानदार म्हणाला, "सध्या हाच चाललाय," आणि पाच मिनिटांत विषय संपला. पहिल्या वर्षी रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पश्चिमेची भिंत विटली. तिसऱ्यानंतर अंगणात उभं राहिलं की पूर्वेची पडवी जांभळी आणि मागची बाजू राखाडी, दोन भावांनी वाटणी करून आपापला रंग मारावा तसं घर दिसायला लागलं. खाली गुडघाभर लाल शिंतोडे, खिडक्यांखाली काळे ओघळ.

रंगाऱ्याने काम चोख केलं होतं आणि डब्यातला मालही चांगला होता. आम्ही पहिल्या दिवसाच्या फोटोसाठी रंग निवडला, एवढंच चुकलं. परत रंगवायची वेळ आली तेव्हा मी पुन्हा कार्ड काढलं, तर रंगारी म्हणाले, "वहिनी, ते राहू द्या. आधी अंगणातली मूठभर माती आणा."

त्यांनी पांढरा हात मारलेलं एक फळकूट घेतलं, माती पाण्यात कालवून बोटांनी त्यावर फासली आणि उन्हात ठेवली. वाळल्यावर शेडकार्डातल्या विटकरी छटा शेजारी धरून बघितल्या. जी छटा मातीत मिसळून गेली, ती जोत्याला ठरली. पावसात शिंतोडे आजही उडतात, पण आता ते दिसत नाहीत.

तेव्हापासून माझ्या घराला आणि नात्यातल्या चार घरांना याच क्रमाने रंग निवडला. तोच इथे लिहिते. घर कोकणातलं असो, पुण्यातलं की नागपूरचं, क्रम तोच राहतो, उत्तरं बदलतात.

निवड पावसात, काम थंडीत

आपल्याकडे रंगाची आठवण होते ती दसऱ्याला. तेव्हा रंगारी मिळत नाहीत, मिळाले तर घाईत असतात, आणि कोकणात तर ऑक्टोबरात भिंती आतून ओल्याच असतात. ओल्या भिंतीवर मारलेला कुठलाही रंग, कितीही महागडा, पोपडे धरतो. म्हणून प्रत्यक्ष काम डिसेंबर ते फेब्रुवारीत ठेवावं. हवा कोरडी असते, ऊन बेताचं असतं. एप्रिल-मेच्या तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच वाळतो आणि हाताचे जोड दिसतात.

निवड मात्र पावसातच सुरू करावी. जुलैत धो-धो पाऊस लागला की छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा आणि मोबाइलवर फोटो काढा. पागोळ्या कुठे पडतात, कुठल्या कोपऱ्यातून पाणी भिंतीला धरून खाली येतं, शिंतोडे किती उंच उडतात, हिरवं कुठे धरलंय, हे सगळं त्या दहा मिनिटांत दिसतं. डिसेंबरात कोरड्या भिंतीसमोर उभं राहून यातलं काहीही आठवत नाही.

त्या फेरीत खिडक्यांच्या मिशा हमखास दिसतील. खिडकीच्या उंबऱ्यावर धूळ साचते, पहिल्या सरीला ती दोन्ही टोकांकडून खाली ओघळते आणि भिंतीवर दोन काळ्या रेघा उमटतात. याला रंगाकडे उत्तर नाही, गवंड्याकडे आहे. उंबऱ्याचा दगड भिंतीच्या इंच-दीड इंच पुढे काढून त्याच्या खालच्या अंगाला बारीक खाच मारली की पाणी भिंतीला न शिवता तिथूनच खाली गळतं. छज्जाच्या खालच्या कडेलाही तशी खाच हवी. हे आधी करून घ्या. ते शक्य नसेल तर पांढरा आणि क्रीम यादीतून काढा, कारण मिशा सगळ्यात ठळक त्यांच्यावरच दिसतात.

भिंत सुकली का, हे बघायची साधी युक्ती: हात-सव्वा हात प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि एक दिवस ठेवा. आतून दव धरलं तर भिंत अजून तयार नाही. नव्या गिलाव्याला पाणी मारणं संपल्यावरही निदान महिनाभर द्यावा. ताज्या सिमेंटचा क्षार तीव्र असतो, तो काही रंगद्रव्यं खातो आणि गडद भिंतीवर पांढरट ढग उमटवतो.

जे बदलणार नाही, त्याची यादी

आता कागद घ्या. घराच्या बाहेरच्या ज्या गोष्टी तुम्ही बदलणार नाही, त्या लिहा. छप्पर कौलारू की पत्र्याचं, आणि पत्रा असेल तर कुठल्या रंगाचा. जोतं चिऱ्याचं की काळ्या दगडाचं. पायऱ्यांना शहाबाद की कडाप्पा. खिडक्यांची चौकट सागवानी, ॲल्युमिनियम की पांढरी यूपीव्हीसी. फाटक, ग्रिल, पाण्याची टाकी. शेजारचं घर. अंगणातली झाडं. आणि माती.

या यादीत रंग आधीच आहेत. तुमचं काम त्यांच्याशी पटेल असा एकच रंग शोधायचं. मंगलोरी कौलं विटकरी असतात, म्हणजे नारिंगीकडे झुकलेला तांबडा. त्याखाली उबदार पांढरा, हळदीचा फिकट, ताकासारखा, वाळूचा असे रंग बसतात. गुलाबी मात्र कौलांशी भांडतो, कारण दोघंही तांबड्याचेच, पण एक नारिंगीकडे ओढतो आणि दुसरा निळ्याकडे. निळ्या पत्र्याच्या घराला पिवळा देऊन लोक पस्तावतात. तिथे पांढरा किंवा फिकट राखाडी बरा. काळ्या दगडाचं जोतं असेल तर तुमचं नशीब. देशावरच्या जुन्या वाड्यांनी दाखवून दिलंय की काळा दगड, तपकिरी लाकूड आणि वर फिकट भिंत हे कधी जुनं होत नाही.

चिरा उघडा असेल तर तो तसाच राहू द्या. चिरा हवेला उघडा राहून टणक होत जातो. त्याला चकचकीत वार्निश मारून लोक श्वास कोंडतात, मग आतली ओल खोलीत येते आणि वार्निशाचे पापुद्रे सुटतात. पाणी अडवायचं असेल तर सिलेन-सिलोक्सेन जातीचं बिनचकाकीचं द्रावण मिळतं, ते चिऱ्यात मुरतं आणि वाफ जाऊ देतं.

झाडांचं लोक विसरतात. दाट आंबा-फणसाच्या सावलीतली पांढरी भिंत पावसाळ्यात हिरवट दिसते, कारण पानांवरून आलेला उजेडच हिरवा असतो. हिरवळीशेजारच्या क्रीम भिंतीचंही तेच. अशा ठिकाणी पांढऱ्यात किंचित पिवळा किंवा तांबूस झाक असलेली छटा घ्या, म्हणजे हिरवट उजेडातही ती आजारी दिसत नाही.

दिशा

महाराष्ट्रात पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. दुपारचं ऊन पश्चिमेला. म्हणजे पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या भिंती सगळ्यात जास्त मार खातात. पूर्वी कोकणात पावसाळ्याआधी त्या बाजूला नारळाची झापं बांधत, ती काही उगाच नाही. रंग विटायचा तो इथेच आधी विटेल, म्हणून निवडीची परीक्षा या भिंतीवर घ्या. इथे टिकला तर बाकी तीन बाजूंना टिकतोच.

उत्तरेच्या भिंतीला वर्षातला बराच काळ थेट ऊन नाही. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो खरा, पण त्यातला निम्माअधिक काळ ढगांचा. त्यामुळे ही भिंत उशिरा सुकते आणि शेवाळ इथे धरतं. शिवाय थेट उन्हाऐवजी आभाळाचा निळसर उजेड तिच्यावर पडतो, त्यात राखाडी रंग आणखी थंड, जवळजवळ निळा दिसतो. राखाडी हवाच असेल तर मातकट झाक असलेला घ्या.

विदर्भात प्रश्न वेगळा. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याला मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. तेव्हा सूर्य डोक्यावर असतो, म्हणून सगळ्यात जास्त ऊन गच्ची खाते, मग पश्चिम आणि पूर्वेच्या भिंती. दक्षिणेच्या भिंतीवर ऊन पडतं ते थंडीत. घर थंड ठेवायचं तर आधी गच्चीला पांढरा, मग पश्चिमेला फिकट, आणि एखादा गडद पट्टा हौसेने हवाच असेल तर तो दक्षिणेला किंवा पोर्चच्या सावलीत. पुढच्या दर्शनी भिंतीला गडद राखाडी द्यायची सध्या टूम आहे. दर्शनी भिंत पश्चिमेला असेल तर संध्याकाळी त्या भिंतीला आतून हात लावून बघा, म्हणजे टूम उतरते.

वास्तूवाले दिशेनुसार रंग सांगतात. घरात त्यावरून वाद होणार असेल तर सांगितलेला रंग अगदी फिकट करून घ्या. रंगही मिळाला, घरही शांत.

कुठला रंग टिकतो आणि का

हे एकदा समजलं की दुकानात फसायला होत नाही. दुकानातलं यंत्र पांढऱ्या किंवा पारदर्शक बेसमध्ये रंगद्रव्यांचे थेंब सोडून छटा बनवतं. त्यातली काही द्रव्यं खनिज, काही सेंद्रिय रसायनांची. लोहाचे ऑक्साइड म्हणजे पिवळी माती, गेरू, काव, काळा, यांना ऊन आणि सिमेंटचा क्षार फारसं काही करू शकत नाही. ती मुळात उन्हापावसातलीच माती. याउलट भडक लाल, लिंबासारखा पिवळा, झगझगीत नारिंगी, जांभळा यांतली बरीच द्रव्यं सेंद्रिय असतात आणि उन्हात त्यांतली कित्येक लवकर फिकटतात. फिकट छटेत तर द्रव्य आधीच थोडं आणि पांढरा जास्त. ते थोडं विटलं की हाती पांढरट राख उरते. आमच्या जांभळ्याचं हेच झालं. निळा-हिरवा मधला: चांगल्या द्रव्यांचा असेल तर बऱ्यापैकी तग धरतो.

दुकानात विचारायचा प्रश्न एकच: "या छटेत कुठली द्रव्यं पडतात?" यंत्राच्या पडद्यावर ती यादी असते. पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड, काळा एवढ्यावर भागत असेल तर निर्धास्त घ्या.

आपल्या जुन्या घरांचे रंग आठवा. चुन्यात थोडी नीळ घालून पांढरा, पिवळ्या मातीचा पिवळा, गेरूचा तांबडा पट्टा. कोकण-गोव्यातल्या देवळांवर कावेची तांबडी नक्षी पांढऱ्या चुन्यावर कोरलेली दिसते. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये पिवळी, निळी, तांबडी घरं आणि त्यांच्या खिडक्यांना पांढऱ्या कडा. गोव्यात पांढरा चर्चसाठी राखलेला असायचा, म्हणून घरांना रंग आले असं सांगतात. पण एक ध्यानात असू द्या: ती घरं पूर्वी दर पावसाळ्यानंतर रंगत. आपल्याकडे दर दिवाळीला चुना लागायचा. तुम्हाला रंग सहा-सात वर्षं चालवायचाय. नीळ घातलेल्या चुन्याचा शुभ्रपणा बघून मन भुललं तरी त्यामागचं दरवर्षीचं काम लक्षात घ्या.

आता एकेक रंग झटकन. शुभ्र पांढरा शहरात धुराने दोन वर्षांत मळतो, कोकणात शेवाळाने. तो डोळ्यांना उन्हात टोचतोही. ताकाचा, हस्तिदंती, वाळूचा: सगळ्यात समंजस, मळले तरी शोभतात. हळदी किंवा मातकट पिवळा कोकणात, पावसाच्या काळोख्या दिवसांतही घर उजळ ठेवतो, माझा आवडता. फिकट हिरवा शेवाळ लपवतो, पण झाडीत घर हरवतं. गडद विटकरी भिंतभर नको, जोत्याला, खांबांना उत्तम. गडद राखाडी, काळा: भिंतीतून क्षार आला, म्हणजे लोणा लागला, की पांढरे डाग आरशासारखे दिसतात, आणि रंग जुना झाल्यावर हात लावला की खडूसारखी पूड निघते तीही यांच्यावरच उठून दिसते.

अंग, काठ आणि जोतं

साडीसारखा विचार करा. अंगाचा रंग एक, काठाचा एक. घराला तिसरा लागतो जोत्यासाठी, आणि दारासाठी हवा तर चौथा. यापुढे गेलं की घर शाळेच्या स्नेहसंमेलनाचा रंगमंच दिसतं.

अंग म्हणजे मोठ्या भिंती. काठ म्हणजे खिडक्यांच्या कडा, छज्जाचे काठ, कठड्याची वरची पट्टी. काठ अंगापेक्षा उजळ ठेवावा की गडद, यावर दोन मतं आहेत. माझं असं की पावसाच्या मुलखात आडव्या काठांना किंचित गडद द्यावं, कारण धूळ आडव्यावर साचते, आणि उभ्या कडा उजळ ठेवाव्यात. जोतं जमिनीपासून दीड ते दोन फूट, तुमच्या जुलैच्या फोटोत शिंतोडे जिथवर दिसतात त्याच्या थोडं वर. रंग मातीचा: कोकणात तांबडा, मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या मातीत करडा-काळपट. मूठभर माती आणि फळकूट, वर सांगितलंय तसं.

पावसाचे पाइप, मीटरची पेटी, एसीच्या नळ्या या वस्तूंना काठाचा रंग देऊन लोक त्या उगाच सजवतात. ज्या भिंतीवर आहेत तिचाच रंग द्या, नाहीशा होतील. रंग बदलायचाच तर आतल्या कोपऱ्यात बदला, बाहेरच्या धारेवर नको. धारेवर बदललेला रंग कागदासारखा पातळ दिसतो.

कार्डावरून भिंतीवर

इथे वेळ घालवा. बाकी सगळं घाईत झालं तरी चालेल.

कार्डावरचा चौकोन दोन बोटांएवढा. तोच रंग भिंतभर पसरला की जास्त गडद, जास्त भडक वाटतो. उलट, दुकानाच्या छताखाली बघितलेली छटा उघड्या उन्हात दोन पायऱ्या फिकी दिसते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत: उजेडाने फिकी, आकाराने भडक. म्हणून कार्ड घेऊन घराबाहेर जा, भिंतीला टेकवून उभं धरा, आडवं नाही, आणि आवडलेल्या छटेच्या शेजारची थोडी मळकट, करड्याकडे झुकलेली छटा निवडा. घरात निस्तेज वाटणारा रंगच बाहेर बरोबर दिसतो.

मग आकडा बघा. छटा किती टक्के उजेड परत फेकते त्याला एलआरव्ही म्हणतात: शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे पूर्ण पांढरा. काही कंपन्या तो कार्डाच्या मागे छापतात, नाहीतर दुकानदार काढून देतो. क्रीम-हस्तिदंती साधारण सत्तर-ऐंशीच्या घरात, विटकरी वीस-तीसच्या. माझा नियम: मोठ्या भिंतींना पन्नास ते पंचाहत्तर, पश्चिमेच्या अख्ख्या भिंतीला तीसच्या खाली कधीच नाही. गडद भिंत दिवसा तापून फुगते, रात्री आकसते, आणि गिलाव्यातल्या केसासारख्या चिरा रुंदावतात. त्यातून पाणी शिरतं.

आता दोन छटा उरल्या असतील. तीन उरल्या तरी दोनच घ्या. दोन्हींचे सगळ्यात छोटे डबे यंत्रावर बनवून आणा, त्याच कंपनीच्या त्याच प्रकारात जो शेवटी लावणार. नमुना भिंतीवर थेट मारायची चूक करू नका, जुना रंग शेजारून डोळ्याला फसवतो. सिमेंट शीटचे दोन बाय तीन फुटांचे तुकडे घ्या, प्राइमर मारा, मग रंगाचे दोन हात, मधे पूर्ण वाळू द्या. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं, म्हणून ओल्या हातावरून मत बनवू नका.

तुकडे तयार झाले की आठवडाभर घराभोवती फिरवा. सकाळी सातला पूर्वेच्या भिंतीला, दुपारी बाराला, संध्याकाळी पाचला पश्चिमेला. उत्तरेला दिवसभर. रात्री पोर्चच्या दिव्याखाली, कारण पिवळ्या दिव्यात फिकट निळा हिरवट होतो. रस्त्यावर जाऊन पन्नास पावलांवरून बघा. तुम्ही सोडून बाकी सगळे तिथूनच बघणार आहेत. आणि मग लोक जे कधीच करत नाहीत ते करा: तुकड्यावर तांब्याभर पाणी ओता. कोकणात चार महिने घर ओलंच दिसणार. ओली भिंत गडद होते. कोरडी असताना सुंदर वाटणारी गेरवी छटा ओली झाली की काही वेळा रक्तासारखी दिसते. आमच्या दोन छटांतली एक अशीच बाद झाली. शेवटी खालच्या कडेला थोडा चिखल फासा, वाळू द्या, पुसा. जो तुकडा त्यानंतरही बघवतो, तो तुमचा रंग.

मोबाइलवर घराचा फोटो टाकून रंग भरून दाखवणारी ॲप आहेत. रंग कुठे बदलावा, काठ कुठून कुठपर्यंत, हे ठरवायला ती छान. छटा ठरवायला नाही. पडद्याचा उजेड आणि उन्हाचा उजेड यांचं काही नातं नाही.

चकाकी, जुना थर

थोडी चकाकी असलेला रंग पावसाने बऱ्यापैकी धुतला जातो, पण गिलाव्याचे उंचवटे उन्हात उघडे पाडतो. जुन्या, वाकड्यातिकड्या भिंतींना मॅट बरा. खरखरीत टेक्श्चर शहरात धूळ आणि कोकणात शेवाळ धरून बसतं. मी ते फक्त पोर्चच्या आत चालवून घेईन.

आधी सिमेंट पेंट, आपल्याकडे ज्याला सरसकट स्नोसेम म्हणतात तो असेल, तर त्याची सुटी पूड पूर्ण खरवडल्याशिवाय वर इमल्शन धरत नाही. शेवाळ असलेल्या जागी आधी शेवाळनाशक द्रावण, घासणं, धुणं, वाळवणं. वरून रंग मारला की ते आतून वर येतं. आणि खाली गडद रंग असून वर फिकट जायचं असेल तर एक हात जास्त धरा. भडक लाल-पिवळे तर मुळातच कमी झाकतात, तीन-चार हात खातात, शिवाय गडद छटांचा लिटरमागे भाव सहसा जास्त. हा हिशेब निवडीच्या वेळीच करावा, बिल आल्यावर नाही.

किती लिटर

घर तीस बाय चाळीस फूट, दोन मजले, उंची वीस फूट. घेर १४० फूट, गुणिले २० म्हणजे २,८०० चौरस फूट. दारं-खिडक्यांचे ४०० वजा, राहिले २,४००. बाहेरचं इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण ५० ते ६० चौरस फूट जातं, खरखरीत भिंतीवर त्याहून कमी. पन्नासने भागा: ४८ लिटर. वीसचे दोन आणि दहाचा एक डबा घेतलात की भागतं. जोतं, काठ वेगळे मोजा.

सगळे डबे एकाच वेळी, एकाच दुकानातून, एकाच बॅचचे बनवून घ्या. तरीही दोन डब्यांत बारीक फरक पडतो, म्हणून एका बाजूची अख्खी भिंत ज्या रंगाने होणार त्याचे डबे मोठ्या पिंपात एकत्र ढवळून घ्यायला रंगाऱ्याला सांगा. संपत आलेल्या डब्याचा आणि नव्या डब्याचा सांधा भिंतीच्या मधे येऊ देऊ नका, कोपऱ्यावर आणा. पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. ठेका चौरस फुटावर दिला असेल तर तिथे उभं राहून मोजा. आणि परांची उतरायच्या आधी वरच्या मजल्याकडे गच्चीतून वाकून बघा, खालून दिसत नाहीत असे सुटलेले कोपरे तिथे असतात.

रंग उरलाच तर लिटरभर बाटलीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा. पुढल्या वर्षी खिळ्याचं भोक बुजवायला तोच लागतो.

आमच्या मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चार ओळी मार्करने लिहिल्या आहेत: भिंतीचा कोड, काठाचा कोड, जोत्याचा कोड, महिना आणि वर्ष. शेजारी नमुन्याच्या शीटचा वितभर तुकडा सुतळीने टांगलाय, कधीच ऊन न लागलेला. तो भिंतीला लावून बघितला की किती विटलं ते कळतं. यंदा पश्चिमेची भिंत त्या तुकड्याहून जेमतेम अर्धी पायरी फिकी आहे. हा तिचा चौथा पावसाळा.